दौलू गुळव्याने जांभळीवरून काय पाहिलं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही हात पुसून घ्या, शाईला घाम सुटलाय. देवाचं नाव घेऊन झालं. आता देवानं घडवलेल्या माणसाकडे वळू — आणि वळता वळता एक प्रश्न तुमच्या पुढ्यात ठेवतो.

शेजाऱ्याचं चांगलं चाललं की आपल्या पोटात दुखतं. बरोबर? त्या दुखण्याच्या वेळी आपल्याला दिसतं काय — आणि दिसायचं राहून जातं काय?

बघा! लगेच चार माना खाली गेल्या! अहो, मी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही.

मत्सराला काही दिसत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मत्सराला फार दिसतं! शेजारणीचं लुगडं दोरीवर वाळत असेल, तर त्याचा काठ किती बोटं रुंद आहे ते इथून दिसतं. त्यांच्या म्हशीची धार किती वेळ वाजली ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. इतकं बारीक लक्ष जर नामस्मरणात लागलं असतं, तर देवाला तुम्हाला चुकवून मागच्या दारानं जावं लागलं असतं!

तर ऐका. पाचओढे नावाचं गाव. पंचगंगेच्या खोऱ्यातलं, चहूकडे ऊस. आणि या गावात दौलू खराडे नावाचा गुळव्या.

गुळव्या म्हणजे कोण, पोरांना ठाऊक नसेल. गुऱ्हाळात काहिलीत उसाचा रस उकळतो, त्याचा पाक होतो, आणि त्या पाकाचा गूळ नेमका कोणत्या क्षणी झाला हे जो सांगतो, तो गुळव्या. क्षणभर आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, नुसता चिकचिकतो. क्षणभर उशीर झाला तर करपतो. मधला तो एक क्षण — तो ओळखायचा कशानं? घड्याळानं? नाही! डोळ्यानं, नाकानं, दोन बोटांत पाक घेऊन केलेल्या गोळीनं. ही विद्या. आणि या विद्येत दौलूचा हात पंचक्रोशीत कुणी धरू शकत नव्हता.

दौलूच्या गुळाला बाजारात एक मान होता. दिवाळीच्या पाडव्याला हंगामाचा पहिला सौदा निघतो ना, त्या दिवशी पेठेत केळीच्या पानावर एकच ढेप ठेवायची. हळदीकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि त्या ढेपेचा खडा सगळ्यांना वाटायचा. तिची बोली आधी, मग बाकीच्यांची. ती मानाची ढेप! अठरा वर्षं — मोजा, अठरा — ती ढेप दौलूची होती. आणि ज्याची ढेप मानाची, त्याच्या गुऱ्हाळाला ऊस घालायला शेतकऱ्यांची रांग. म्हणजे मान नुसता फेट्यात खोवायचा नव्हता बरं का. मान गेला की ऊस गेला, आणि ऊस गेला की काहील पालथी!

आता दुसरी बाजू. ओढ्यापलीकडे एक पडीक गुऱ्हाळ होतं. ते चालवायला घेतलं हौसाक्का मगदूमनं. ही हौसाक्का कोण? दौलूच्याच चुलीला वीस वर्षं जाळ घालणारा जो आप्पा मगदूम — त्याची बायको. दौलूच्या अंगणात उसाची चिपाडं वाळत घालून जिचे तळवे सोलून निघाले, ती. तिनं एक दिवस नवऱ्याला म्हटलं, "जाळ घालायचाच हाय, तर आपल्या चुलीला घालू." झालं! आप्पा गेला. दौलूला नवा जाळवाला शोधावा लागला.

इथपर्यंत दौलू हसत होता. "बाई गुळव्या?" तो पारावर म्हणायचा. "काहिलीत डोकावली तर पदर पेटंल!"

पहिल्या वर्षी हौसाक्काचा गूळ निघाला — काळपट! तांबडा-काळा, गाभुळलेल्या चिंचेसारखा. पेठेत लोक बघून हसले. दौलू तर पोट धरून हसला. कारण दौलूचा गूळ कसा? पिवळाधमक! नुसता ठेवला तर उजेड पडेल असा.

इथं थांबा. हा पिवळेपणा आला कुठून, ते बघायला हवं. तुमच्या पणज्यानं खाल्लेला गूळ पिवळा नव्हता, मंडळी. काळपटच होता. मग एकदा कुणीतरी लग्नाच्या पंगतीत पिवळा गूळ वाढला. बघणाऱ्यांनी ठरवलं — हा श्रीमंतांचा गूळ. झालं! पुढच्या लग्नात सगळ्यांना पिवळा हवा. आणि त्या वेळी चोवीस वर्षांचा दौलू काय करत होता ठाऊक आहे? सौदा झाला की बाकीचे गुळवे मिसळ खायला पळायचे. हा गडी दुकानासमोर उभा राहून गिऱ्हाइकाची तोंडं बघायचा! कोणत्या ढेपेकडे हात जातो, कोणत्या ढेपेवरून परत येतो. त्यानं ताडलं — गूळ जिभेनं नाही, डोळ्यानं विकत घेतला जातो. मग त्यानं कुठूनशी पांढरी पावडर आणली. चिमूटभर काहिलीत टाकली की गूळ सोन्यासारखा. आख्ख्या तालुक्यात हे सगळ्यात आधी शिकला कोण? दौलू!

म्हणजे दौलू मूर्ख नव्हता. हे लक्षात ठेवा. मूर्ख माणसाची गोष्ट सांगायला मी एवढा घसा कशाला ताणला असता?

पण बाजार म्हणजे काय हो? दगडमातीची पेठ? तराजू-काटा? नाही. माणसांच्या डोक्यातल्या समजुती जिथं एकमेकींना भेटतात, ती जागा म्हणजे बाजार. समजूत बदलली की त्याच उसाचा, त्याच चुलीवरचा, त्याच पाण्याचा माल वर जातो नाहीतर खाली येतो. आणि समजूत बदलताना दवंडी पिटत नाही! ती एका घरात बदलते. मग शेजारच्या घरात. डॉक्टर एकाला म्हणतो, पावडरीचा गूळ नको. सुनेच्या वाचनात काहीतरी येतं. कुणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू रुचत नाहीत, ती म्हणते, "माझ्या आजीच्या हातचे असे नव्हते." आणि एक दिवस दुकानात बाई विचारते —

"पिवळा नको. तो काळा आहे का?"

दुसऱ्या वर्षी हौसाक्काच्या ढेपा दुपारच्या आत संपल्या.

तिसऱ्या वर्षी लोक सकाळीच तिच्या गुऱ्हाळावर जाऊन उभे राहू लागले.

आणि चौथ्या वर्षी, पाडवा तीन आठवड्यांवर असताना, दौलूचा सख्खा मेव्हणा केरबा उसाची गाडी घेऊन निघाला — आणि दौलूच्या दारावरून पुढे गेला!

"केरबा! ए केरबा!" दौलू ओरडला. "वाट चुकलास का?"

केरबानं बैल थांबवले नाहीत. मान वळवून म्हणाला, "न्हाई दाजी. औंदा ओढ्यापल्याड घालतोय. तिकडं दर बरा पडतोय."

"बहिणीच्या दारावरनं जातोस? लाज?"

"लाज वाटतीया म्हणून तर बघत न्हाई तुमच्याकडं!" आणि गाडी ओढ्यात उतरली.

हाय रे देवा! त्या दिवसापासून दौलूला काय झालं विचारू नका. त्याला हौसाक्काचंच सगळं दिसायला लागलं. पहाटे उठला की आधी पलीकडचा धूर. "एवढा सरळ कसा जातो गं तिचा धूर? आपला तर तोंडावर येतो." तानूबाई, त्याची बायको, म्हणायची, "अवो, वारा हाय त्यो." पण ऐकतो कोण! हौसाक्काची चिपाडं लवकर वाळतात. हौसाक्काच्या काहिलीला फेस चांगला येतो. अहो, हौसाक्काचं कुत्रं! "ते बघ कसं गुबगुबीत झालंय. नक्की काहीतरी चारतीया." कुत्र्याचाही हेवा! सांगा आता.

आणि मनात एकच किडा — ती घालते काय? आपण पांढरी पावडर घालतो, तर तीही काहीतरी घालत असणार. काळी पावडर? कुठल्या मुळीचा रस? घातल्याशिवाय एवढं गिऱ्हाईक वळेलच कसं?

शेवटी त्यानं तानूबाईला पाठवलं. "जा. विरजण मागायच्या निमित्तानं जा. बघून ये काय घालते."

तानूबाई गेली. दोन तास आलीच नाही. आली ती हातात विरजण आणि तोंडभर हसू.

"बघितलंस?"

"बघितलं की. लपवायला हाय काय तिथं? तिनं बसवून घेतलं, सगळं दावलं. ऊस धुऊन घेती. भेंडीचं पाणी घालून मळी काढती, दोनदा. जाळ शेवटाला कमी करती. आणि घालत काय बी न्हाई."

"काय बी न्हाई?"

"काय बी न्हाई. म्हणली, तानूवैनी, मी बायकांना इचारती. गूळ नेला की पुढच्या बाजाराला इचारती, कसा लागला, पोरांनी खाल्ला का, चहा नासला का. त्या सांगत्यात तसं करती."

दौलूनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनंच खिशातून काहीतरी काढून घेतलंय.

"तुला गंडवलं तिनं. खरी गोष्ट कुणी विरजणाच्या वाटीबरोबर देतं का?"

मंडळी, बघा! ज्ञान चालत घरी आलं. बायकोच्या तोंडून आलं, दिवसाढवळ्या आलं, फुकट आलं. आणि म्हणूनच पटलं नाही! तेच तिनं दाराला कडी घालून लपवलं असतं ना, तर दौलूनं कौलं काढून आत उडी मारली असती. आपण असेच नाही का? सांगितलेलं ऐकायचं नाही, लपवलेलं हुडकायचं!

मग दौलूनं स्वतःच बघायचं ठरवलं. ओढ्याच्या काठाला एक जांभळीचं झाड. त्याच्या वरच्या फांदीवरून हौसाक्काचं गुऱ्हाळ आरपार दिसतं. वय वर्षं चोपन्न, अठरा वर्षांचा मानकरी, डोक्याला फेटा — आणि सकाळी नऊ वाजता हा गृहस्थ झाडावर!

पहिल्या दिवशी पाहिलं — ऊस धुतायत. मनात म्हणाला, "ऊस काय नवरदेव आहे आंघोळ घालायला? ही नुसती आमच्यासारख्यांना चकवायची सोंगं." सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं — पाक येत आला तशी हौसाक्कानं हात वर केला आणि आप्पानं चुलीतलं जळण ओढलं. दौलू म्हणाला, "जळण वाचवतीया. कंजूष!" तेही सोडून दिलं.

ध्यानात येतंय का? खरं होतं ते दोनदा डोळ्यांसमोर आलं. दोन्हीदा त्यानं बाजूला सारलं. का? तो ते बघायला चढलाच नव्हता! त्याला हवं होतं गुपित.

आणि तिसऱ्या दिवशी मिळालं! धूर दाटला होता. काहील उतरवायची वेळ झाली होती. तेवढ्यात हौसाक्कानं कोपऱ्यातून एक काळं मडकं उचललं, काहिलीजवळ गेली, पळीनं काहीतरी घट्टसर, मळकट असं ओतलं. एक पळी. दोन पळ्या. मडकं झाकून ठेवलं.

दौलूला असा आनंद झाला म्हणता! जांभळीवरून उतरताना धोतर फाटलं, पण त्याचं भान नाही. "सापडलं! काळ्या मडक्यात हाय!"

आता त्या मडक्यात काय असेल? त्यानं विचार केला. मळकट, घट्ट, काळं करणारं — जुनी काकवी! करपवलेली काकवी! उसाचा तो पातळ पाक काळाकुट्ट होईस्तोवर आटवायचा आणि गुळात घालायचा. वा रे हौसे! काय डोकं!

पाडव्याला चार दिवस. दौलूनं काळं मडकं आणलं. काकवी करपवली — अशी करपवली की गल्लीत लोक विचारायला आले, कुणाचा गोठा पेटला? मानाच्या ढेपेचं आधण चढलं. रस उकळला, पाक आला. आणि मग, मंडळी, त्या क्षणी काय झालं बघा. तीस वर्षांची सवय. दौलूचा उजवा हात आपसूक पांढऱ्या पावडरीच्या डब्यात गेला आणि नेहमीसारखी चिमूट काहिलीत पडली!

तानूबाई दारात उभी होती. "अवो, पावडर?"

"मग! ती घातल्याबिगर गूळ उठतोय व्हय?"

आणि डाव्या हातानं करपलेली काकवी. एक पळी, दोन पळ्या, तीन पळ्या! एका हातानं गूळ पिवळा करतोय, दुसऱ्या हातानं काळा! उजव्या हाताला डाव्याचा पत्ता नाही आणि डोक्याला दोघांचाही नाही! हसताय? हसा. मागच्या खांबाजवळचे दुकानदार तर जास्तच हसतायत — पण तुमच्यातल्या किती जणांनी पूर्वजांचं दुकान तसंच ठेवून बाहेर फक्त नवी पाटी लावली आहे, ते मी आज विचारत नाही.

ढेप निघाली. रंग? म्हशीच्या पाठीसारखा, मध्ये मध्ये पिवळे ठिपके. दौलू तिच्याभोवती दोनदा फिरला. "तिच्याहून काळी झालीया," म्हणाला. समाधानानं म्हणाला, बरं का!

पाडवा आला. पेठ भरली. केळीचं पान मांडलं. निवड करायला पेठेतले सगळ्यात जुने अडते, बसाप्पा अण्णा. वय ऐंशीच्या घरात, दात निम्मे, पण जीभ पूर्ण. एकेका गावची ढेप पुढे येत होती. हौसाक्काची आली. मग दौलूची.

माणसं पुढे सरकली. कुणीतरी म्हणालं, "दौलूनं रंग बदलला की!"

बसाप्पा अण्णांनी सुरी लावली. सुरी आत जाईना. पुन्हा लावली. टोक वाकलं! हमालाला हाक मारली, तो हातोडी घेऊन आला. पाडव्याच्या दिवशी, मानाच्या ढेपेला, हातोडी! दोन घावांत एक तुकडा उडाला तो थेट केरबाच्या पायाशी.

अण्णांनी तो उचलला, फुंकला, तोंडात ठेवला. सगळी पेठ त्यांच्या गालाकडे बघतेय. गाल हलला. थांबला. सणाचा दिवस, थुंकायचं कसं? म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि गिळला.

"पाणी आणा," म्हणाले.

पाणी प्याले. मग म्हणाले, "दौलू, हे काय हाय?"

"गूळ, अण्णा."

"त्ये मी बी बघतोय. कशाचा?"

असा हशा उठला, मंडळी! हमाल हसले, अडते हसले, ज्यांना त्यानं अठरा वर्षं मागं ठेवलं ते सगळे गुळवे हसले — आणि त्यांच्या हसण्यात अठरा वर्षांचं सगळं साठलेलं होतं. केरबा तेवढा हसला नाही. तो दुसरीकडे बघत राहिला. ते जास्त लागलं.

पानावर हौसाक्काची ढेप चढली. हळदीकुंकू वाहिलं. नारळ फुटला.

दौलू गर्दीतून निघाला तो पेठेच्या मागच्या हौदावर. हात धुवत बसला. धुतच बसला. मागून पावलं वाजली. हौसाक्का. हातात वाटायचा खडा.

"दौलूदादा, परसाद."

"उतावीळ होऊन आलीस होय दावायला?"

"दावायला आले असते तर चारचौघांत आले असते. हौदावर कशाला आले असते?"

दौलूनं खडा घेतला नाही. मग राहवेना. आतला किडा मेला नव्हता ना! मान खाली घालूनच विचारलं, "एक सांग. त्या काळ्या मडक्यात काय होतं?"

"कुठल्या मडक्यात?"

"तिसऱ्या दिवशी. काहील उतरायच्या आधी. दोन पळ्या ओतल्यास."

हौसाक्का विचारात पडली. आठवेना. मग एकदम आठवलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी.

"आंबील वं दादा! नाचणीची आंबील! आप्पांची न्याहारी! काहिलीच्या पल्याड धुरात बसलं हुतं, त्यांच्या वाडग्यात वाढली!"

म्हणजे झाडावरून काय दिसलं? नवऱ्याला न्याहारी वाढणारी बायको! आणि या मानकऱ्यानं तिच्यातून काय वाचलं — व्यापाराचं गुपित! मत्सराची नजर अशी असते. तिला माणूस दिसत नाही. धुरामागे नवरा बसलाय, तो दिसत नाही. मडकं तेवढं दिसतं.

हौसाक्काचं हसणं थांबलं. ती हौदाच्या कठड्यावर टेकली.

"जांभळीवर तुम्ही हुता, त्ये मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. फेटा दिसत हुता. म्हणलं, येतील खाली, इचारतील. आला न्हाईत."

"तुला इचारू? माझ्या अंगणात चिपाडं पसरणारीला?"

"त्याच अंगणात शिकले की! मला कुणी शिकिवलं? आप्पा घरी येऊन सांगायचं, दौलूदादा सौद्यानंतर मिसळ खात न्हाई, गिऱ्हाइकाची तोंडं बघत उभा ऱ्हातो. त्येच केलं मी. दुसरं काय केलं?" ती उठली. खडा कठड्यावर ठेवला. "तुम्ही तोंडं बघायचं सोडलं, दादा, आणि माझी काहील बघायला लागला. माझ्या काहिलीत गिऱ्हाईक बसलंय व्हय?"

आणि गेली.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, दौलूचे डोळे उघडले असतील, पायावर डोकं ठेवलं असेल. छे! घरी येताना त्याच्या मनात काय चाललं होतं सांगू? "चालून तरी कशी गेली बघ. मान मिळाला तर चाल बदलली." अहो, इतक्या वर्षांचा पोसलेला मत्सर, एका हौदाच्या पाण्यानं धुऊन निघतो होय?

आठ दिवस गुऱ्हाळाची चूल पेटली नाही. दौलू ओसरीवर. जो यायचा तो काहीतरी समजावून जायचा, आणि हा भिंतीकडे बघायचा. नवव्या दिवशी दुपारी तानूबाईनं पुरणपोळी केली. म्हणाली, माणूस खाईल तरी. दौलूनं पहिली खाल्ली. दुसरी मागितली. तिसरीला बोटं चाटली. आणि मग — कशानं झालं देव जाणे — घास हातात तसाच धरून त्यानं वर पाहिलं.

"तानू. आपला गूळ कसा लागतो गं?"

तानूबाईच्या हातातलं उलथनं तव्यावरच राहिलं. तीस वर्षांचा संसार! तीस वर्षं ज्याच्या गुळाच्या धुरात डोळे चोळले, त्यानं आज पहिल्यांदा विचारलं — कसा लागतो?

तिनं तवा खाली उतरवला. हात पुसले. समोर येऊन बसली.

"खरं सांगू?"

"सांग."

"मला ठावं न्हाई."

"म्हंजे?"

"दोन वर्सं झाली, आपला गूळ मी चुलीजवळ आणला न्हाई. पोटात मळमळतं त्यानं. तुमच्या चहात, लाडवात, आत्ता तुम्ही तीन हाणल्या त्या पोळीत — हौसाक्काचा गूळ हाय."

दौलूचा घास हातातच.

"दोन वर्सं?"

"दोन वर्सं. दर दसऱ्याला तुम्ही म्हणता, तानू, तुझा हात सुधारला. माझा हात हाय तिथंच हाय वं!"

मंडळी! त्याच्या डोक्याला जे चार वर्षं कळलं नाही, ते त्याच्या जिभेला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं! जीभ शिकून मोकळी झाली होती. गिऱ्हाईक पेठेत नव्हतं, जांभळीवरून दिसत नव्हतं — ते त्याच्या स्वतःच्या तोंडात बसून रोज निवाडा देत होतं, आणि हा माणूस निवाडा ऐकायच्या ऐवजी शेजारणीचं मडकं मोजत होता!

तो घास त्यानं खाल्ला का टाकला? खाल्ला! उपाशी थोडाच मरणार? खाता खाता म्हणाला, "मग बोललीस का न्हाईस?"

"इचारलंत कवा?"

त्या संध्याकाळी तानूबाई बोलत राहिली. जेवणं झाली, भांडी झाली, ती बोलत राहिली. कोणत्या वर्षी चव बिघडली, कोणत्या बाईनं काय म्हटलं, पाहुण्यांनी लाडू कसे पानात ठेवून दिले. आणि दौलू, ज्याच्यापुढे पंचक्रोशी गप्प बसायची, तो पुढ्यात बसून "मग?" आणि "मग?" एवढंच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळाची चूल पेटली. पावडरीचा डबा कुठं गेला ठाऊक नाही. काहील उतरवायच्या आधी दौलूनं हाक मारली, "तानू, जरा चाखून जा." गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोला विचारून काहील उतरवणारा गुळव्या! पारावर आठवडाभर पुरली ती चेष्टा.

केरबाचा ऊस परत आला का? नाही! त्या वर्षी नाही, पुढच्याही वर्षी नाही. मी तुम्हाला खोटं गोड खायला घालायला उभा नाही. तिसऱ्या वर्षी आला, तोही अर्धा. मानाची ढेप अजून ओढ्यापलीकडेच आहे. आणि हौसाक्काचा धूर पहाटे वर गेला की दौलूच्या छातीत अजून बारीकशी कळ येते. येऊ द्या. कळ आली की तो आता झाडाकडे बघत नाही. स्वयंपाकघराकडे बघून विचारतो, "आपल्या गुळाचा चहा कसा लागतोय आज?"

आता तुमच्याकडे येतो. सरकू नका, सतरंजी लहान आहे, कुठं जाल?

शेजाऱ्याचं दुकान का चालतं, हे तुमच्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. त्यानं कुणाला हाताशी धरलं, कुणाच्या ओळखीनं जागा मिळवली, मापात काय करतो — सगळं! रात्रभर सांगाल. पण तुमच्या हातचं जे खातात, तुमच्याकडून जे नेतात, तुमच्या शाळेत ज्यांची पोरं येतात, तुमच्या गोठ्यातलं दूध ज्यांच्या बाळाच्या वाटीत जातं — त्यांना शेवटचं कधी विचारलंत, "बाबा, कसं लागलं?"

आठवा. नाही आठवत? नसेल आठवत. विचारायला भीती वाटते, मंडळी! दुसऱ्याच्या मडक्यात गुपित आहे असं मानलं की आपला दोष झाकला जातो. मग आपल्याला शिकावं लागत नाही, फक्त जळावं लागतं. आणि जळणं शिकण्यापेक्षा सोपं आहे. चुलीलाही जमतं!

जग बदलतं ते काही आभाळातून हुकूम सुटून नाही. कुणी एक बाई दुकानात उभी राहून म्हणते, "हा नको, तो द्या" — तिथं बदलतं. ते वाक्य ज्याच्या कानावर पडलं तो शिकला. बाकीचे त्या वेळी कुठंतरी फांदीवर होते.

देव भक्ताला काय वेगळं सांगतो हो? तो म्हणतो, दुसऱ्याचं ताट राहू दे. तुझ्या ताटातलं तुला कसं लागतंय, ते एकदा खरं खरं बोल. आज घरी जाल. पानं वाढली जातील. समोर जी वाढतेय, किंवा समोर जो जेवतोय, त्याला विचारा. आणि उत्तर आलं की मध्ये बोलू नका. शेवटपर्यंत ऐका. फार कडू लागलं, तर समजा आज देव तुमच्या घरी जेवायला बसला होता.

बोला, त्या ऐकणाऱ्या देवाचा जयजयकार!